तोंडाकडे बघणारा चिंदरकर

छप्पन साल. मी चौतीस वर्षांचा. आमच्या लालबागच्या चाळीत चिंदरकर नावाचा एक माणूस होता, तो बोलणाऱ्याच्या डोळ्यात कधी बघायचा नाही. तोंडाकडे बघायचा. मांजर कोळणीच्या टोपलीवर नजर लावून बसतं तसा तुमच्या ओठांवर नजर लावून उभा राहायचा. तुमचं बोलणं संपलं की म्हणायचा, "तां तर आसाच."

मालवणी माणूस. म्हणजे, ते तर आहेच.

"चिंदरकर, आज नळाला पाणी नाही." "तां तर आसाच." "चिंदरकर, तुमच्या धुरानं माझं वाळत घातलेलं धोतर काळं झालं." "तां तर आसाच." माझा दोस्त धोंडू नाईक, त्याचा सासरा वारला, ते धोंडूनं चिंदरकरला जिन्यात सांगितलं. तेव्हाही हेच. धोंडू ते शेवटपर्यंत विसरला नाही.

मी तिसरी शिकलो. अक्षर वाकडं आहे, पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. आणि ते दिवस माणूस ओळखायचेच होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. आमच्या चाळीत आठवड्याला सभा, मोर्चे कुठून निघणार ते आमच्या गॅलरीत ठरायचं. साध्या कपड्यातले पोलीस कुठे कुठे घुसलेत म्हणून रोज बातम्या. अशा वेळी हा माणूस प्रत्येक सभेला सगळ्यात पुढे, बरोबर दिव्याखाली बसायचा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे डोळे लावायचा. घोषणा दिल्या की सगळ्यांचं ओरडून झालं की एकटाच ओरडायचा. टाळ्या वाजवायचा त्याही शेजाऱ्याकडे बघून.

"शिंदे," धोंडू मला म्हणाला, "हा आपला नाही."

मी म्हटलं, "मी तुला गणपतीपासून सांगतोय."

आणखी एक होतं. आम्ही मोठी माणसं बोललो तर "तां तर आसाच". पण नळावर बायकांनी काही विचारलं की सरळ उत्तर. माझी बायको हौसा, तिनं विचारलं, "भाऊजी, गावाकडनं काय खबर?" तर म्हैस कधी व्यायली, बायकोचं गुडघ्याचं दुखणं, घरावरची कौलं, सगळं सांगितलंन. मी मागे उभा. मी म्हटलं, "कौलं मंगलोरी का?" तर म्हणतो, "तां तर आसाच." आता सांगा, काय समजायचं.

त्याची नि माझी खोली लागून. पुढे एकच लाकडी फळ्यांची गॅलरी. त्याच्या दारावर थापा मारा, कडी वाजवा, नावानं हाका मारा, दार उघडणार नाही. पण आत काय चाललंय बघावं म्हणून मी चपला हातात घेऊन हळूच त्याच्या खिडकीशी गेलो, की दार उघडून हा समोर उभा. एकदा नाही, दर वेळी. मी मग गॅलरीतला उंदीर शोधतोय असं दाखवायचो. त्यानं एकदा मला पिंजरा आणून दिला.

पण संशयाचं मूळ होतं ती गाडी.

गाडी आली ती बैलगाडीत बसून. कॉटन ग्रीनकडच्या भंगारवाल्याकडनं आणलेली, छोटीशी विलायती मोटार, बेबी म्हणत तिला. लोक मोटार घेतात आणि तिला पडदे लावतात, लिंबू-मिरची बांधतात. यानं घेतली आणि छिन्नीनं कापायला लागला. तो शिवडीकडे बॉयलरच्या कारखान्यात रिवेट मारायचा, त्यामुळे पत्र्याचं त्याला काही वाटायचं नाही. पहिल्यांदा टप गेलं. मग चाकांवरचे मडगार्ड गेले. मग बॉनेट. चाळीच्या चौकात ती बिचारी सोललेल्या कोंबडीसारखी उभी. मग कुठल्याशा लष्करी लिलावातलं जीपचं इंजिन तीन बांबूंच्या तिकाटण्याला साखळीनं टांगून तिच्या पोटात उतरवलंन. मागची चाकं मोठी, पुढची लहान, त्यामुळे गाडी पाणी पिणाऱ्या बैलासारखी पुढे वाकलेली. दोन्ही अंगांनी धुराड्याच्या नळ्या काढल्या, त्या बॉयलरच्या. सगळं रिवेटनं ठोकलेलं. त्याच्या खोलीत भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, फुटपाथवरच्या रद्दीतून आणलेलं एका इंग्रजी मासिकाचं पान चिकटवलेलं होतं. त्यावर तसलीच गाडी आणि हसणारा एक गोरा पोरगा.

"हॉट रॉड," चिंदरकर हौसाला म्हणाला. "अमेरिकेत पोरां घराकडेच करतत."

हौसानं मला सांगितलं. मी धोंडूला सांगितलं. धोंडूनं चाळीतल्या शाळामास्तरला विचारलं. मास्तर म्हणाला, तापलेली सळई. धोंडू म्हणाला, ही खूण असणार त्यांची.

गाडी सुरू केली की भिंतीवरचे देव हलायचे. मांडणीवरची भांडी एकमेकांना लागायची. तान्ही पोरं रडायची. आणि हा सीटवर बसून, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून शांत. पूजेला बसल्यासारखा. बायका वरून ओरडायच्या, बंद करा म्हणून. डोळे मिटलेले. कोणाला किंमतच नाही.

मी विचार केला. पोलिसांच्या गाडीच्या पुढे पळेल अशी गाडी कोणाला लागते? दारूबंदीचे दिवस, म्हणजे एक तर दारूवाल्याला. नाही तर पोलिसांनाच. दोन्हीकडून माणूस वाईट.

शेवटी ठरलं. रविवारी संध्याकाळी चाळीची सभा घ्यायची आणि चिंदरकरला खोली सोडायला सांगायचं. नाही सोडली तर सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत रस्त्यावर नेऊन टाकायची आणि त्याच्याशी पाणी-बोलणं बंद. मास्तर म्हणाला, "पुरावा काय?" मी म्हटलं, पुरावा मी देतो.

माझी युक्ती अशी. त्याला एक खोटा मोर्चा सांगायचा, आणि त्या ठिकाणी पोलीस येतात का ते बघायचं. आम्हा पुरुषांना तो भीक घालत नव्हता, म्हणून सांगायचं काम हौसावर टाकलं. ती नाही म्हणत होती. "बिचारा एकटा माणूस आहे," म्हणाली. मी म्हटलं, तुला बिचारा वाटतो तिथेच गोम आहे. मग नळावर तिनं त्याला सांगितलं, रविवारी सकाळी लालबागच्या नाक्यावरून बायकांचा मोर्चा निघणार आहे, कोणाला बोलू नका.

हौसा परत आली आणि भाकऱ्या थापत बसली. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, वैनी, माका सांगितलात, बरा केलात."

रविवारी सकाळी मी आणि धोंडू नाक्यावरच्या हॉटेलात खिडकीच्या टेबलाला बसलो. चहा संपवून परत मागवला. पोलिसांची गाडी काही येईना. एक हवालदार आला, पाव-मस्का खाल्ला आणि गेला.

मग तो आवाज आला. कपबशा थरथरल्या.

चिंदरकर आला. गाडीच्या नाकाला झेंडूची माळ. मागे बांबूला झेंडा. मागच्या जागेवर फळी ठोकून वर घडी घातलेली घोंगडी. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा माठ आणि पितळेचा पेला. स्वतः इस्त्रीचा सदरा, काळी टोपी. नाक्याला गाडी उभी केली, बंद केली, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत राहिला.

"पोलिसांना निशाणी द्यायला आला असेल," धोंडू म्हणाला.

"माठ घेऊन?"

"माठात काय असेल ते कोणी बघितलंय?"

मला ते पटलं. आम्ही तिसरा चहा मागवला. चिंदरकर उभाच. ऊन चढलं तसं त्यानं माठावरचं फडकं परत भिजवलं. येणाऱ्या प्रत्येक लुगड्याकडे आशेनं बघायचा, ती बाई भाजीला निघून जायची.

तेवढ्यात एक लॉरी त्याच्या मागे येऊन अडली. भोंपू दिला. हा हलला नाही. परत दिला, लांबलचक. नाक्यावरची सगळी माणसं वळली, हॉटेलातला गल्ल्यावरचा शेठ उठून उभा राहिला, कुत्रं पळालं. चिंदरकर समोर बघत हसतोय. लॉरीवाला आतून ओरडला, "अरे ओ बहरे." त्याचंही काही नाही.

धोंडू म्हणाला, "बघ, केवढी मस्ती. सरकारी माणूसच."

मग लॉरीवाला खाली उतरला, चालत पुढे आला आणि चिंदरकरच्या समोर उभा राहिला. तर चिंदरकर असा दचकला की टोपी पडली. मागे वळून ती लॉरी बघितली, हात जोडले, धावपळ करत गाडी कडेला घेतली.

मी दोन बैलांचा व्यापार केलाय, गिरणीत मुकादम म्हणजे जॉबर, त्याच्याशी भांडलोय. माणूस खोटं हसतो, खोटं रडतो. खोटं दचकताना मी पाहिलेला नाही.

धोंडूला म्हटलं, तू बस. मी उठून मागच्या बाजूनं गेलो. "चिंदरकर," म्हटलं. काही नाही. त्रासनखात्यात, जिथे सूत निघतं तिथे, यंत्रांच्या आवाजात हाका मारून माझा गळा तयार झालेला. त्या गळ्यानं ओरडलो, "चिंदरकर." समोरच्या दुकानातला माणूस म्हणाला, काय झालं? चिंदरकर माठावरची माशी हाकत होता.

मी वळसा घालून पुढे गेलो. म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, "तां तर आसाच."

त्यानं टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मग हळू म्हणाला, "शिंदेनू, रागावा नको. तुमच्या मिशयेमागे काय चल्लाहा तां माका दिसणा नाय."

माझी मिशी. माझ्या आज्याची होती तशी, बापाची होती तशी. खात्यात जॉबर आधी मिशीला बघायचा, मग मला. खाली दोन्ही ओठ झाकलेले. धोंडूचीही तसलीच, वर तोंडात कायम पान. आणि बायकांना मिश्या नसतात, हे मला त्या दिवशी उन्हात कळलं.

मी बोटांनी मिशी वर धरली आणि म्हटलं, "कधीपासून?"

बॉयलरच्या आत बसून रिवेट धरायचा, बाहेरून हातोडे पडायचे. त्यात कान गेले. कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं, ओठ बघून निभवायचा. "सायबाक कळला तर घराक धाडीत," म्हणाला. "घराक जावन काय करू? तुम्ही खंय बोला नको." दारावरच्या थापा त्याला कळत नव्हत्या. पण खिडकीखालची गॅलरीतली फळी त्याच्या खोलीत खाटेच्या पायाखाली गेलेली होती. फळी हलली की खाट हलायची, म्हणजे कोणीतरी भेटायला आलं. तो दर वेळी धावत दार उघडायचा, आणि समोर मी, उंदीर शोधत.

"मग या गाडीला एवढा आवाज कशाला?" मिशी धरून धरून माझा हात दुखायला लागला होता.

"पयला इंजिन माका ऐकाकच येय ना. मेला म्हणान दोनदा खोलला. मगे ह्या मोठा घातला." त्यानं छातीवर हात ठेवला. "ह्या हंय ऐकाक येता. दिसभर कोण माझ्याशी बोलणा नाय, शिंदेनू. ह्या बोलता."

मग त्यानं रस्त्याकडे बघितलं. "मोर्चो खंय रवलो?"

मी मिशी सोडून दिली आणि मिशीच्या आतनं काहीतरी बोललो. तो "तां तर आसाच" म्हणाला. पेल्यात पाणी ओतून मला दिलं. वाळा घातलेला होता त्यात.

संध्याकाळच्या सभेला चिंदरकरला बोलावलेलंच नव्हतं. मी उभा राहिलो. म्हटलं, "चिंदरकर पोलिसांचा माणूस नाही."

धोंडू म्हणाला, "सकाळपर्यंत होता."

"आता नाही."

मास्तर म्हणाला, "कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"आणि आमच्याशी बोलत का नाही?"

"त्याची मर्जी."

बराच गोंधळ झाला. तुला किती पैसे दिले इथपर्यंत लोक गेले. मी खाली बसलोच नाही. मला ढकलल्याशिवाय ती गाडी हलणार नाही, असं म्हटलं, आणि मला ढकलणारा चाळीत कोणी नव्हता. शेवटी ठरलं ते असं, की खोली राहील, गाडी राहील, पण इंजिन फक्त गिरणीचा भोंगा वाजतो तेव्हाच सुरू करायचं. तेव्हा पोरं तशीही उठतात.

मी काही चुकलो होतो असं मी म्हणणार नाही. असल्या माणसावर संशय घ्यायचा नाही, तर कोणावर घ्यायचा? आज तो नाही, तो कारखाना नाही, म्हणून हे लिहिलं. तेव्हा हौसालासुद्धा बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मला दुसरी पाळी होती. सकाळी उठलो आणि पिंपळाखाली न्हावी बसायचा त्याच्याकडे गेलो. त्यानं दोनदा विचारलं, सगळी? मी म्हटलं, हात चालव. घरी आलो तर हौसाच्या हातातली कळशी पडली. "अहो, गावाकडे कोण गेलं?" म्हणून रडायलाच लागली. तिला म्हटलं, सगळे आहेत, चहा टाक.

मग गॅलरीत गेलो, चिंदरकरच्या दाराशी उभा राहिलो आणि खिडकीखालच्या त्या फळीवर पाय आपटला. दार उघडलं. मी त्याच्या समोर, उजेडाकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, "गाडी चौकातच राहील. भोंगा झाला की सुरू करायची. भोंगा झाला की मी इथे पाय आपटीन."

त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बघतच राहिला.

"उकडत होतं," मी म्हटलं. "म्हणून काढली."

"तां तर आसाच," चिंदरकर म्हणाला, आणि मला आत यायला दारातून बाजूला झाला.