दोन मात्रांचं फाटक

"डुकरांच्या कानात बिल्ले हवेत कशाला?" डॉक्टरांनी प्रयोगाला पैसे देणाऱ्या मॅडमना छातीठोकपणे विचारलं होतं. "माझ्या पद्धतीत चूक होऊच शकत नाही."

पद्धत नामी होती खरी. निम्म्या डुकरांना विषाणूची थोडी मात्रा टोचायची, निम्म्यांना भरपूर, आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं कुणाच्या रक्तात आधी तयार होतात ते पाहायचं. थोड्या मात्रेवाल्यांच्या फाटकावर निळ्या रंगाने 'के', भरपूरवाल्यांच्या फाटकावर 'कै'. एक मात्रा, दोन मात्रा. डॉक्टर आपल्याच हुशारीवर बेहद्द खूश होते. प्रयोग फसला तर शेड कोंबडीवाल्यांना जाणार होती, पण फसतोय कशाला?

पहिल्या रक्ततपासणीचा निकाल पाहून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. 'के'मध्ये प्रतिपिंडं भरपूर, 'कै'मध्ये नावाला! सगळं उलटंच. असं कसं? चार चोर दिसले की पहारेकरी बोंब ठोकतो आणि फौज आली की त्याची दातखीळ बसते, तसं काही? त्यांना राहवेना. "नवीनच काहीतरी निघालंय, उद्या याच," असं मॅडमना फोनवर सांगून ते 'के'समोर स्टूल टाकून बसले.

आत एक डुक्कर फाटकाला पाठ घासत होतं. पाठीवर निळी तिरकी रेघ. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. रेघ कसली, मात्राच ती.

शेड सांभाळणाऱ्या मामांना त्यांनी हाक मारली. "मामा, फाटकावरच्या अक्षरांना कुणी हात लावला?"

"मीच. टोचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी बघतो तर एक मात्रा पुसलेली. काढली परत."

"कुठल्या फाटकावर?"

"जिथे एकच उरली होती तिथे."

"अहो, दोन्हीकडे एकेकच उरली होती."

मामांनी विचार केला. "तरीच. मला वाटलंच, काम फार सोपं होतंय."

तरी डॉक्टरांना हायसं वाटलं. पाठीवर मात्रा घेऊन फिरणारं डुक्कर म्हणजे चालताबोलता पुरावा. पुसलेली मात्रा 'कै'ची होती, तेव्हा ते भरपूर मात्रेवाल्यांतलंच. म्हणजे मात्रा जास्त, तर प्रतिपिंडं लवकर. नवा शोध बुडाला, पण प्रयोग वाचला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. डुकरं गुलाबी, लख्ख.

"पाहुणे येणार म्हणून सगळी घासून काढली," मामा म्हणाले. "एकाला रंग लागला होता, तोही काढला."

डॉक्टर एकेका डुकराची पाठ तपासू लागले.

"यातली जास्त मात्रेची कुठली, आणि कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"ज्यांची प्रतिपिंडं आधी आली, ती."

"आणि आधी कुणाची आली?"

"जास्त मात्रेवाल्यांची," डॉक्टर म्हणाले, आणि आपण गोल फिरून तिथेच आलोय हे त्यांनाही कळलं.

मॅडमवर काही ही मात्रा चालली नाही. दुपारी कोंबड्या आल्या.