पाच पाट्या, एक गुडघा

निळी, हिरवी, केशरी, जांभळी, पांढरी. अशा पाच पाट्या.

आईचा डावा गुडघा.

मिशीत अडकलेला बिस्किटाचा कण.

एका पानात बसणारा फॉर्म.

घाबरू नका, सगळं एकाच गोष्टीत येतं. आणि ती सुरू होते माझ्या हुशारीपासून.

गावातली खासगी हॉस्पिटलं एकमेकांशी खरंच स्पर्धा करतात, की आतून एकच होऊन बसलीत, याचा सरकारी अभ्यास आमच्या ऑफिसकडे आला. "किती दिवस लागतील?" मॅडमनी विचारलं. "एक," मी म्हणालो. आजूबाजूची टेबलं माझ्याकडे आदराने बघू लागली. निदान मला तसं वाटलं.

त्याच आठवड्यात निळ्या पाटीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आईला गुडघा बदलायला सांगितलं होतं. आई ठाम होती. "दुसऱ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय मी सुरी लावून घेणार नाही."

झालं! सरकारचा अभ्यास आणि आईचा गुडघा मी एकाच रिक्षात बसवले.

हिरव्या पाटीखाली काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, परत आलात?"

"मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"हो का? पण एक्स-रे आहे की तुमचा."

"बघ आई, किती तत्पर," मी म्हणालो आणि 'स्पर्धा आहे' या रकान्यात खूण केली.

आत तेच डॉक्टर. कोट हिरवा, मिशीत बिस्किट.

"परवा तुम्ही निळे होतात," आई म्हणाली.

"आज इथे असतो. बोला."

"मला दुसरं मत हवंय."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून बराच विचार केला. "पहिल्या डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. हुशार माणूस."

बिचारे दोन नोकऱ्या करतात, असं मी समजलो. केशरीत तेच डॉक्टर, तोच कण. जांभळ्यात ते आमच्यामागून धापा टाकत जिना चढले. पांढऱ्यात आईनेच त्यांना पाणी दिलं आणि मिशी पुसायला रुमाल.

"काकू, सोमवारी ऑपरेशनला तुमचे पाच गुडघे धरलेत," तिथली मुलगी म्हणाली.

"मला दोनच आहेत गं."

"कॉम्प्युटरमध्ये पाच आहेत."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अरे, स्पर्धा असलीच तर ती रंगाऱ्यांची."

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पण खुणा पेनने केल्या होत्या, आणि आमच्याकडे खाडाखोड चालत नाही.

शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक म्हातारे डॉक्टर बसत. पाटी नाही, म्हणून माझ्या यादीत नाहीत. आईच मला वर घेऊन गेली. त्यांनी गुडघा हाताने दाबला, वाकवला, आईला खोलीभर चालवलं.

"गुडघा राहू द्या. चप्पल बदला, आणि महिनाभर मी दाखवतो तो व्यायाम करा."

आई इतकी खूश झाली की काठी तिथेच विसरत होती. "मग महिन्याने दाखवायला येते."

"या. तोवर मलाही पाटी लागलेली असेल," ते खाली बघत म्हणाले. "रंग अजून कळवला नाही त्यांनी."

आईने महिनाभराचा व्यायाम तिथल्या तिथे लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अहवाल वाचला. "पाच हॉस्पिटलं, पाचही स्पर्धेत. छान. आणि यांचे मालक कोण?"

मी फॉर्म उलटून बघितला.

मूळ फॉर्म दोन पानी होता. दुसऱ्या पानावर 'मालकाचं नाव' एवढा एकच रकाना होता, आणि कागदाची बचत व्हावी म्हणून ते पान मी पाहणीच्या आदल्या संध्याकाळीच काढून टाकलं होतं.