चौथ्या भागाचा चोर

डब्यातली सगळी हळद गुपचूप प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतताना धम्मपालच्या मनात स्वयंपाकाचा विचार अजिबात नव्हता. त्याला चोर पकडायचा होता.

धम्मपाल भांडुपचा, पण ग्रंथालयशास्त्र शिकायला गेला थेट स्कॉटलंडला. तिथल्या थंडीत त्याला दोन गोष्टींनी तगवलं: आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि विद्यापीठात घडणाऱ्या गमतीदार रहस्यकथा. त्यांत खूनसुद्धा चहाची वेळ सांभाळून होतो. तपास पोलिसांना जमत नाही. तो वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकबाई करतात, तेही पेपर तपासता तपासता. परतताना धम्मपालने स्वेटर तिथेच वाटून टाकले आणि बॅगेत याच मालिकेची बावीस पुस्तकं भरली. (आईने बॅग उघडून विचारलं होतं, "कपडे चोरीला गेले काय रे?")

मुलुंडच्या एका कॉलेजात तो कंत्राटी ग्रंथपाल म्हणून लागला. अख्ख्या देशाला वाचतं करायचं होतं. सुरुवात खिडकीजवळच्या एका कपाटापासून केली. आपली बावीस पुस्तकं त्याने त्यात मांडली.

प्राचार्य चंद्रप्रकाश सर म्हणाले, "महिनाभर ठेवा. पन्नास नोंदी झाल्या तर कपाट राहील. नाहीतर तिथे झेरॉक्स मशीन येतंय."

पन्नासच? धम्मपालला हसू आलं. पण नुसतं पुस्तक हातात देणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने तीन पानी 'वाचनसंकल्प पत्र' तयार केलं. हे पुस्तक का वाचायचे आहे, किमान शंभर शब्दांत लिहा. वाचनाने आपल्यात कोणता बदल अपेक्षित आहे? आणि शेवटी जामीनदाराची सही.

पंचवीस दिवसांत नोंदी झाल्या शून्य. पुस्तकं मात्र पहिल्या आठवड्यापासूनच नाहीशी होत होती. या सोमवारी पाच गेली. मंगळवारी त्यातली दोन परत आली आणि दुसरी चार गेली.

"चोर परत आणून ठेवतो होय?" मालनमावशींनी विचारलं. त्या ग्रंथालयाच्या मदतनीस. तिथली धूळ आणि तिथल्या बातम्या, दोन्ही त्यांच्याच ताब्यात.

"मावशी, हा साधा चोर नाही. हा मला खिजवतोय."

"मग पोलिसांत सांगा ना, सर."

"पोलिसांना असले चोर सापडत नसतात," धम्मपाल प्राध्यापकबाईंच्या थाटात म्हणाला.

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्याला वाटलं, बाई घाबरल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्याने उरलेल्या सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर हळद भुरभुरवली. शुक्रवारी सकाळी ताटलीत पांढरेफटक पोहे आले.

"आई, हे काय?"

"तूच सांग. तू साहेब झालास, हळद काय तुझ्या पाठोपाठ परदेशात गेली?"

पोहे तसेच गिळून तो कॉलेजात पोचला. कपाट रिकामं! धम्मपालला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता फक्त पिवळे हात शोधायचे.

फाटकावर वॉचमनने सलाम ठोकला होता, तो आठवला. हात पिवळा होता. कँटीनच्या चंपाताईंनी चहा दिला. बोटं पिवळी. ऑफिसातले हेडक्लार्क अंबादासभाऊ दोन्ही हातांनी पिवळे. रसायनशास्त्राच्या श्वेता मॅडमच्या तर नाकावरसुद्धा पिवळा ठिपका.

धम्मपाल मटकन खुर्चीत बसला. "मावशी, वाट लागली. आज कॉलेजात कुणाची हळद होती का हो?"

"नाही बुवा."

"मग सगळे पिवळे कसे?"

 मावशींनी ड्रॉवरमधून वही काढली. "सर, तुमचा तो तीन पानी फॉर्म बघूनच माणसं पळायची. मीच म्हटलं, गपचूप न्या, वाचा, आणून ठेवा. नावं मी लिहून घेतलीत. एक्क्याऐंशी."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"रोज सांगायला यायचे. तुम्ही भिंग घेऊन टेबलाखाली असायचात."

"पण मावशी, इंग्रजी पुस्तकं... तुम्हीसुद्धा?"

"मला कुठलं इंग्रजी! डब्याच्या सुट्टीत अंबादासभाऊ मराठीत सांगतात. आम्ही पंधरा जणी बसतो. परवा तर खुनाच्या वेळी दचकून वरण सांडलं."

 देश वाचू लागला होता, तोही फॉर्म न भरता! तेवढ्यात दारात प्राचार्य उभे. त्यांनी वही चाळली. प्रत्येक पानावर त्यांचा पिवळा अंगठा उमटत गेला.

"कपाट राहील," ते म्हणाले. "मशीन जिन्याखाली बसवू. पण ग्रंथपाल, एक तक्रार आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी प्राध्यापकबाईंना विहिरीत ढकललंय. चौथा भाग दोन आठवडे सापडत नाही. वर आल्या की नाही?"

"जेवण जात नाही हो," दारामागून चंपाताई म्हणाल्या. तिथे अर्धा स्टाफ जमला होता.

"चौथा भागसुद्धा चोरला?" धम्मपाल ताडकन उठला. "मी शोधून काढतो!"

"नको. मी काढलाय." मालनमावशींनी शांतपणे त्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे बोट दाखवलं. बाजूच्या कप्प्यातून निळं पुस्तक डोकावत होतं, शेवटच्या प्रकरणात बसच्या तिकिटाची खूण घातलेलं. "पुस्तक अंबादासभाऊंकडे द्या. आणि फॉर्म भरा."

"मी? पुस्तक माझंच आहे, मावशी!"

"नियम तुमचाच आहे, सर."

शंभर शब्द धम्मपालने कसेबसे भरले. अपेक्षित बदलही लिहिला. जामीनदार व्हायला मात्र कॉलेजात कुणीच तयार होईना. शेवटी तो फॉर्म घेऊन घरी आला आणि आईपुढे पेन धरलं.

आईने तिन्ही पानं वाचली. पेन घेतलं. आणि सहीच्या जागेवर लिहिलं: 'आधी हळद आण.'