विद्युल्लतेतला गॅस

हरिश्चंद्र मयेकर बोटीवरच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हा मजला, दिशा आणि पाणी या सर्व विषयांवर पती-पत्नीत एकमत होतं. मतभेद शेगडीपाशी झाला. मिरजोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन नव्या इमारती समोरासमोर उभ्या होत्या. 'ज्योती पार्क'मध्ये घरोघर पाइपचा गॅस होता. 'विद्युल्लता' संपूर्ण विद्युत होती. तिच्या नियमावलीत ज्वाला हा शब्द फक्त मनाईपुरता येत असे.

हरिश्चंद्रांचा कौल विजेला होता. "बोटीवर आग चालत नाही. मी भर वादळात विजेवर भात शिजवलाय."

"बोटीवर लाइट जायची?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बोटीतच घर घ्या. मला घावनाला जाळ लागतो."

चर्चा अशी सर्वानुमते संपल्यावर दोघं ज्योती पार्क बघायला गेली. विक्री कार्यालयातल्या सानिकाने ओट्याशेजारची पिवळी नळी कौतुकाने दाखवली. मथुराबाईंनी तोटी फिरवली. काहीच झालं नाही.

"पाइप आलाय," सानिका म्हणाली. "गॅस यायचाय."

"कधी?"

"मुख्य वाहिनी आली की. पुरेशी बिऱ्हाडं राहायला आली की वाहिनी येते."

"आणि बिऱ्हाडं?"

"ती गॅस आला की येणार आहेत."

तोवर सिलिंडर मिळेल का, याचंही उत्तर तयार होतं. ज्यांच्या घरात पाइप आहे त्यांना सिलिंडर लागत नाही, असं एजन्सीचं मत होतं.

"मग जी चार माणसं राहतात ती जेवतात कशावर?"

सानिकाने आवाज उतरवला. "विजेच्या शेगडीवर. लाइट गेली तर पोहे भिजवतात."

हरिश्चंद्रांचा चेहरा उजळला, पण मथुराबाई तोवर रस्ता ओलांडून विद्युल्लतेत शिरल्या होत्या. त्या जिन्यात असतानाच लाइट गेली. लिफ्ट थांबली, पंप थांबला, पण फोडणीचा वास थांबला नाही. उलट तो प्रत्येक मजल्यावर वाढत गेला. मथुराबाईंनी वासाच्या अनुरोधाने एक दार ठोठावलं. हातात सांडशी घेतलेल्या एका तरुण बाईने दार उघडलं. तिचं नाव अक्षया.

"इथं ज्वालाबंदी ना गो?"

"आहे ना, मावशी. कडक आहे. म्हणून तर शेगडी गॅलरीत पडद्याआड ठेवतो. जरा वारा सुटला की लाइट जाते. मग पोरांना काय आधुनिकता वाढायची?"

"आणि सिलिंडर?"

"तो सासरच्या पत्त्यावर, वेळणेश्वरला. इथं नुसता पाहुणा म्हणून येतो."

जिना उतरताना मथुराबाईंनी मागोमाग आलेल्या नवऱ्याला निर्णय दिला. "मला गॅस हवा. म्हणजे विजेच्याच इमारतीत घर घ्यायला हवं." हरिश्चंद्रांना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते सापडेना. लग्नानंतर प्रथमच दोघांच्याही मनासारखं होत होतं.

ते राहायला आले आणि बोटीवरच्या अनुभवामुळे सोसायटीने त्यांना ज्वालाबंदी समितीचं अध्यक्षपद दिलं. ते सभ्य गृहस्थ होते. अचानक तपासणीची सूचना आदल्या दिवशी देत. पण मन खात होतं. जन्मात ते खोटं बोलले नव्हते, आणि वडिलांनी ठेवलेलं नाव असं, की बोलायची सोयही नव्हती. म्हणून 'ज्वालामुक्त वसाहत' पुरस्काराचं पथक येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी घरात स्पष्ट सांगितलं, "त्यांनी विचारलं तर मी खरं ते सांगणार."

"विचारलं तर ना," मथुराबाई म्हणाल्या आणि आलं किसायला बसल्या.

पथक फाटकात शिरलं आणि लाइट गेली. पथकप्रमुख विनीतसाहेब सर्व मजले चढून, घाम पुसत मयेकरांच्या हॉलमध्ये टेकले. पंखा निश्चल होता. ओट्यावरच्या विजेच्या शेगडीवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. अशात मथुराबाई चहा घेऊन आल्या. वाफ सरळ वर जात होती.

साहेबांनी कपाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. हरिश्चंद्रांची वेळ आली होती. सत्य अगदी जिभेवर होतं.

"वहिनी," साहेब म्हणाले, "साखर जरा कमी चालली असती."

आणि त्यांनी दुसरा कप मागितला.

पुरस्काराची पाटी आता फाटकावर झळकते आणि फ्लॅट झपाट्याने खपताहेत. हरिश्चंद्र आजही खरं सांगायला तयार आहेत. कोणीतरी विचारायचाच काय तो अवकाश. परवा तुम्हीही सहकुटुंब घर बघून गेलात. लाइट नव्हती, चहा कढत होता, आणि तुम्ही चौकशी केलीत ती फक्त पार्किंगची.