गिरणी चालू असताना

शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, की आमचे मामा भाकरी थापायला बसतात. मामा म्हणजे माझे सासरे. वय सत्तरीचं, मिशा अशा, की समोरचा आधी मिशांशी बोलतो. येडशीत आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली. कुणाच्या घरी किती भाकरी झाल्या हे आवाजावरून कळतं. गडीमाणसाच्या हातची थाप बाहेर ऐकू गेली तर? "इज्जतीचा सवाल हाय," मामा म्हणतात.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. माहेर-सासर मिळून पहिली पदवी माझी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. नवरा सोलापूरला, शनिवारी येतो. सासूबाई दोन वर्षांमागं गेल्या. मग मीच दोन मीटिंगांच्या मधी भाकरीला पळायची. एक दिवस मामांनी परात ओढून घेतली. "तू तुझी ड्यूटी कर. फकस्त भाईर बोलू नगं."

तेव्हापासून अकराला घरघर सुरू होते, भिंत बारीक थरथरते, उन्हाच्या तिरिपेत पीठ तरंगत राहतं. त्या आवाजात मामांचे हात नुसते हलताना दिसतात, पाण्याखाली बसल्यागत.

मागच्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ, बापू, जळकोटहून आले. नेमकी लाईट गेली, गिरणी बंद. माझी मीटिंग मात्र मोबाईलच्या नेटवर लांबतच चाललेली.

"सूनबाईला उठव की. भूक लागलीय," बापू म्हणाले.

"ती ड्यूटीवर हाय."

"मग म्या उपाशी जाऊ व्हय?"

मामा जरा वेळ गिरणीच्या भिंतीकडं बघत बसले. मग उठले. भर शांततेत थाप, थाप, थाप. गल्लीतलं बोलणं थांबलं.

बापू स्वयंपाकघराच्या दारात आले. "आरं, तू थापतूस?"

"दिसतंय न्हवं. बसा. कडक देऊ का मऊ?"

बापूंनी तीन खाल्ल्या. जाताना म्हणाले, "कडा लई जाड हायेत."

दुसऱ्या दिवशी मामा साडेदहालाच परातीपुढं बसले. मी म्हटलं, "मामा, गिरणी सुरू व्हायचीय अजून."

"म्हणून तर." ते पीठ मळत राहिले. "तुझी सासू थापायची, ते मला गल्लीच्या तोंडाला ऐकू यायचं. जेवाया हाक मारावी लागत नव्हती. काल माझी थाप पहिल्यांदा कानावर पडली. तशी न्हाय येत."

आता रोज साडेदहा. एक थाप मारतात, थांबतात, कान देतात. मग दुसरी.