लाडवाचं आंगडं

आमच्या मजल्यावरच्या म्हात्रेमामी भर दुपारी लाडू उन्हात ठेवतात. माझ्या स्कूटरच्या सीटवर ताटली, ताटलीत चॉकलेटचा थर चढवलेला एकच लाडू, आणि शेजारी छत्री घेतलेल्या मामी. छत्री कावळ्यांसाठी. वॉचमनने विचारलं, तेव्हा परीक्षा चालू आहे असं सांगून त्यांनी त्याला गप्प केलं.

परीक्षा पंचवीस मिनिटांची. पळस्प्याला रिक्षा तेवढाच वेळ घेते, आणि तिथे मामींची नणंद राहते.

या नणंदेला, म्हणजे वन्संना, वर्षभरात माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मग जेवणही जाईना. भात दिसला की तोंड फिरवायच्या, पेज थुंकायच्या. एकदा नातवाच्या हातातलं चॉकलेट मात्र हिसकावून खाल्लं. डॉक्टर म्हणाले, कसंही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या.

हे कळलं त्या संध्याकाळी मामी माझ्या दारात.

"बाय, लाडवाला चाकलेटचं आंगडं शिवायचं हाय. आत नाचणी, खजूर, तूप. वन्संला कलता नये."

मला जरा नवल वाटलं. या वन्संना मामी 'आमचं पोलीस ठाणं' म्हणायच्या. दोघींचं सरळ बोलणं शेवटचं कधी झालं, हे मामींच्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं.

मी सामानाची यादी केली. मामी यादी वाचत नाहीत. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवतात आणि दुकानात मनाला येईल ते मागतात. खारघरच्या एका झकपक दुकानातून त्यांनी सगळ्यात महागडं चॉकलेट आणलं. स्कूटरच्या सीटवर ते चार मिनिटांत वितळलं. मामींनी निकाल दिला, "श्रीमंताचं पोर. ऊन सोसत नाय."

शेवटी पनवेलच्या बाजारात, बेकरीच्या सामानाच्या दुकानात, मैद्याच्या पोत्यांमागे हवी ती वस्तू सापडली. कंपाउंड चॉकलेटची जाडजूड वडी. यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, पटकन घट्ट होते, कोटिंगला हेच नेतात, असं दुकानदाराने समजावलं. मामींनी वडी नखाने खरवडली, चाखली आणि विचारलं, "आटनार तर नाय? मागं माझी साडी आटली." दुकानदाराने तोंडी हमी दिली.

पहिला घाणा मामींनी एकटीने केला. खाली पातेल्यात गरम पाणी, वर वाडग्यात चॉकलेटचे तुकडे, इथवर उत्तम. पण आयुष्यभर मोदक उकडलेला हात. त्यांनी सवयीने वर झाकण ठेवलं. झाकणाची वाफ थेंब थेंब चॉकलेटात पडली आणि त्याचा रवाळ गोळा झाला. मामी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "बाय, याने तर अंगण सारवता येल." तो गोळा गरम दुधात विरघळवून मी बिल्डिंगमधल्या पोरांना पाजला. पोरं अजून विचारतात, पुन्हा कधी बिघडणार?

दुसऱ्या वेळी लाडू थेट फ्रिजमधून काढून बुडवले. गार लाडवावरचं आंगडं तासाभरात तडे जाऊन उललं. तिसऱ्या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसले. झाकण लपवलं. लाडू आधीच बाहेर काढून ठेवले. काट्याने एकेक बुडवायचा, वाडग्याच्या काठावर आपटून जास्तीचं गाळायचं, बटर पेपरवर अलगद सोडायचा. मामींचा हात बसला. दुपारी लाडू पंचवीस मिनिटं टिकला, वर पाच मिनिटं जास्त. मामींनी छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पळस्प्याला गेलो. वन्सं खाटेवर बसल्या होत्या, मनगटं काडीसारखी. मामी डोक्यावरचा पदर सारखा करत समोर बसल्या. नाव सांगितलं नाही. डब्यातून लाडू काढून पुढे केला. वन्संनी तो हुंगला, उलटसुलट पाहिला.

वन्संनी चावा घेतला. मग दुसरा. आतल्या नाचणीपाशी जरा थांबल्या, आणि चावत राहिल्या. अर्ध्या लाडवावर मामींकडे वळून म्हणाल्या, "नवीन लागलीस का तू कामाला?"

"होय," मामी म्हणाल्या.

"हाताला चव हाय तुझ्या. माझी एक भावजय हाय, तिला शिकव. लय गुनाची हाय, पन मी तिला कदी बोलले नाय तसं."

मी खिडकीकडे बघू लागले. मामींनी पदराने वन्संच्या हनुवटीवरचं चॉकलेट पुसलं, डब्यातून दुसरा लाडू काढला आणि म्हणाल्या, "शिकवते. पन आदी हा खावा."