गेशे काकूंची वाफ आणि ओक्कोचा धूर

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. एक तर ओक्को माझा दोस्त. दुसरं म्हणजे आमच्या गावच्या अग्निशमन दलाची उरलीसुरली अब्रू! पण परवा बेकरीत पाव घेताना हीच गोष्ट एका अनोळखी बाईच्या तोंडून ऐकली. तिच्या गोष्टीत अख्खं घर जळालं होतं आणि ओक्कोनं म्हातारीला खांद्यावर टाकून खिडकीतून उडी मारली होती! म्हटलं, बास. आता खरं काय ते लिहूनच टाकतो.

तर हा ओक्को, माझ्यासारखाच दलातला स्वयंसेवक. उंची एवढी की प्रत्येक दाराला वाकून नमस्कार करावा लागतो, आणि आत्मविश्वास त्याच्याही वर दोन वीत. "माहितीपुस्तक भित्र्या लोकांसाठी असतं," हे त्याचं लाडकं वाक्य. याच तत्त्वावर त्यानं आईचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून ते मशीन कपडे धुता धुता चालत चालत हॉलमध्ये येतं आणि टीव्हीसमोर उभं राहतं.

गेशे काकू त्याच्या शेजारीण. सत्तरी कधीच ओलांडलेली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणार त्या, लग्नं लावायला पाद्री आणि मयताला रडायला नातेवाईक, ही आमच्या गावची घडी. दर गुरुवारी ओक्को आणि काकू पत्ते कुटायला बसायचे. वयात पन्नास वर्षांचं अंतर, पण पानं लपवण्यात दोघंही एकमेकांना भारी! काकू सगळ्यांना सांगायच्या, "गावात माझा एकच मित्र आहे, आणि तोही चोर आहे."

त्या गुरुवारी मात्र काकूंनी पत्ते काढलेच नाहीत.

"ओक्को, दार लाव."

"लावलं."

"कडी घाल."

"काकू, आपल्या गावात कडी कोण घालतं?"

"मी घालते! घाल म्हटलं ना!"

काकूंनी शिवणाच्या डब्यातून दोन वस्तू काढल्या. औषधाच्या दुकानातली एक पांढरी डबी आणि टॉर्चएवढं एक काळं यंत्र. मग इकडेतिकडे बघून, स्वतःच्याच घरात, कुजबुजल्या, "गांजा आहे."

ओक्कोचा जबडा गळ्यातल्या मफलरपर्यंत खाली आला.

"तोंड मिट! डॉक्टरनं दिलाय. चिठ्ठी आहे, शिक्का आहे. बोटांसाठी." काकूंनी हात पुढे केले. सांधे अक्रोडासारखे सुजलेले. "गेल्या रविवारी शेवटच्या भजनात तीन स्वर गाळले मी. लोकांना वाटलं, नवीन चाल आहे. अजून दोन महिन्यांनी ऑर्गनचं झाकणसुद्धा उघडता येणार नाही मला."

ओक्कोनं खुर्ची जवळ ओढली. पत्त्यांशिवाय तो बसून ऐकतो म्हणजे गोष्ट गंभीर असते.

"पण हे गावात कुणाला कळता कामा नये," काकू म्हणाल्या. "बसथांब्यामागे सिगारेटी फुंकणाऱ्या अख्ख्या पिढीचे कान पिळलेत मी. तुझाही पिळलाय."

"डावा. अजून थोडा मोठा आहे."

"तेच! उद्या कळलं की गेशे म्हातारी ओढते, तर मला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहील का? तू मित्र म्हणून सांगितलंय तुला. हे जाळायचं नाही म्हणे, नुसतं तापवायचं आणि वाफ ओढायची. एकशे ऐंशीपासून सुरू करा म्हणाले डॉक्टर. पण हे आकडे कुठे बदलायचे तेच मला समजत नाही."

"तापमान?" ओक्को हसला. छाती पुढे काढून हसला! "काकू, कुणाशी बोलताय? सात वर्षं आगीत काढलीत मी! तापमान म्हणजे माझ्या घरचा विषय!"

(सात वर्षांत आमच्या गावात दोन आगी लागल्या. एक गवताची गंजी आणि एक ओक्कोचा टोस्टर. असो.)

काकूंनी माहितीपुस्तक पुढे केलं. ओक्कोनं ते डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

एक गोष्ट मात्र त्यानं शहाणपणाची केली. म्हणाला, औषध कशाला वाया घालवायचं? आधी स्वयंपाकघरातल्या पाल्यावर सराव करू. मग काकूंनी वाळवलेली थाइम आणली, ती ओव्याच्या वासाची. ओक्कोनं यंत्रात ती ठासून भरली. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या, दाराखाली टॉवेल कोंबला आणि रस्त्याकडचे पडदे ओढले.

अधिकची कळ दाबली, आकडा चढला. उण्याची दाबली, उतरला. काकूंना दोन मिनिटांत जमलं. एकशे ऐंशी! हिरवा दिवा लागला, काकूंनी ओढलं आणि सोडलं.

काहीच नाही.

"दिसलं काही?" ओक्कोनं विचारलं.

"दिसलं नाही, पण मला जरा—"

"थांबा! कमी पडतंय. एकशे नव्वद करू."

पुन्हा ओढलं. हवा स्वच्छ. समुद्राच्या बांधावर असते तशी.

"ओक्को, मला वाटतं की—"

"काकू, धूर दिसल्याशिवाय काम होतंय असं मी मानत नाही. हे आमचं पहिलं शिक्षण!"

आता बघा, हा माणूस आयुष्यभर धूर शोधायला शिकला, आणि हातात काय आलं? तर धूर होऊ नये म्हणून बनवलेलं यंत्र! पण ते त्याला कोण सांगणार? काकू दोनदा सांगायला गेल्या, दोन्ही वेळा याचं तोंड चालू.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या फ्राउके काकू.

"गेशे! कोण गेलं गं?"

"कुठे कोण गेलं?"

"भरदिवसा पडदे ओढलेस! तुझे आबा वारले त्यानंतर हे पडदे आज पहिल्यांदा ओढलेले बघतेय!"

"कुणी गेलं नाही. डोकं दुखतंय माझं."

"अगंबाई! आणि एकटी आहेस! मटारचं सूप शिजलंय माझं, आत्ता घेऊन येते!"

"नको नको, फ्राउके—" पण फोन ठेवलेला होता. सूप शिजलेलं असताना फ्राउके काकूंना आजवर कुणी थांबवलेलं नाही.

"आटप!" काकू ओक्कोवर ओरडल्या. "चालतं की नाही एकदाचं सांग!"

घाई झाली की ओक्कोचा मेंदू सरळ शेवटच्या आकड्यावर जातो. दोनशे तीस! शिवाय यंत्र मधेच आपोआप बंद पडतं म्हणून ती सोयसुद्धा त्यानं काढून टाकली. "आता बघा!"

आणि दारावरची बेल वाजली.

"लपव!" काकू किंचाळल्या, पण कुजबुजत. हे एक त्यांनाच जमतं. ओक्कोनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. टेबलावर किटली, किटलीवर चहा गरम राहावा म्हणून घातलेली लोकरीची जाड विणलेली टोपी. त्यानं ती टोपी उचलली, तापलेलं यंत्र किटलीशेजारी सारलं, वर टोपी परत घातली आणि स्वतः स्वयंपाकघरात पळाला. यंत्र बंद करायचं राहिलं. मी त्याला नंतर विचारलं, का रे? म्हणाला, "लपवताना कुणी बंद करतं का?"

दारात पाच मिनिटं गेली. डोकं कुठल्या बाजूला दुखतं, फ्राउके काकूंच्या नणंदेचं कुठल्या बाजूला दुखायचं, आणि तिचं पुढे काय झालं. शेवटी सूपचं भांडं घेऊन गेशे काकूंनी दार लोटलं, वळल्या, आणि खोलीत निळसर ढग! जळक्या केसांचा वास! त्याच क्षणी छतावरचा धुराचा अलार्म असा बोंबलला की भिंतीवरचं घड्याळ हललं.

"ओक्को!"

ओक्को धावत आला. "थाइमची वाफ आहे काकू! आली! म्हटलं नव्हतं? आली की नाही!" आणि टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालायला लागला.

आता हा अलार्म साधा नव्हता. काकूंच्या मुलीनं, इन्सानं, तो थेट मदतकेंद्राला जोडून दिला होता. म्हातारी एकटी राहते म्हणून. अलार्मनं केंद्राला कळवलं. केंद्रानं काकूंच्या घरी फोन केला, तो बोंबेत कुणाला ऐकू आला नाही. मग केंद्रानं आम्हाला कळवलं.

ओक्कोच्या कमरेवरचा पेजर कोकलला.

पेजर वाजला की आमचं डोकं बंद होतं आणि पाय चालू होतात. आमचा बेकर एकदा कणकेच्या हातांनी आला होता, त्यानं धरलेला पाइप अजून कडक आहे. तर ओक्कोचे पाय चालू झाले. धुरानं भरलेल्या खोलीत, कोकलणाऱ्या अलार्मखाली उभा राहून त्यानं टॉवेल खाली टाकला आणि म्हणाला,

"सॉरी हं काकू, मला जावं लागेल. कुठेतरी आग लागलीय!"

आणि मागच्या दारानं सायकलवर बसून गेला!

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. बंबाच्या शेडमध्ये सगळ्यांत आधी पोचला तो. कोट, बूट, हेल्मेट चढवलं आणि टुणकन गाडीत. आमचा प्रमुख हार्म पुढं बसला, गाडी निघाली, आणि हार्मनं पत्ता वाचला.

"बांधरस्ता, गेशे काकूंचं घर. खोलीत धूर."

ओक्कोचा चेहरा पिठासारखा झाला.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही."

"तुझ्या शेजारच्या ना?"

"हो."

"आज गुरुवार. तू पत्ते खेळायला गेला नाहीस?"

"गेलो होतो," ओक्को म्हणाला आणि हेल्मेटची काच खाली ओढली. नंतर सांगत होता, त्या वळणावर त्याला पहिल्यांदा काकू दिसल्या. टॉवेल कोंबलेल्या खोलीत, एकट्या. "गाडी जोरात घे!" तो असा ओरडला की ड्रायव्हरनं त्याच्याकडे वळून बघितलं.

पोचलो तर अंगणात अर्धं गाव जमलेलं. गेशे काकू बाकावर बसलेल्या, नाकाला काजळी, बाकी ठणठणीत. समोर फ्राउके काकूंचं सूपचं भांडं. पेटलेली टोपी, किटलीखालचा रुमाल आणि ते यंत्र, सगळं काकूंनी चिमट्यानं उचलून मटारच्या सूपमध्ये बुडवलं होतं. आग विझलेली. आम्ही पाइप धरून उभे, आणि विझवायला फक्त सूप.

हार्मनं वाकून भांड्यात बघितलं. चिमट्यानं यंत्र वर काढलं. त्यातून मटार गळत होते.

"हे काय?"

 काकूंनी ओक्कोकडे बघितलं. नुसतं बघितलं. फ्राउके काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"माझं आहे," ओक्को म्हणाला.

"म्हणजे काय आहे?"

"गांजा ओढायचं यंत्र. माझं. काकूंचा काही संबंध नाही."

हार्मचा आवाज बदलला. "ओढतोस? आणि बंबावर चढतोस?" त्यानं हात पुढं केला. "हेल्मेट दे. पेजरपण."

ओक्कोनं हेल्मेट काढलं. खरं सांगतो, मला गंमत वाटायची बंद झाली. हा गडी पेजर उशाशी नाही, उशीखाली घेऊन झोपतो. पट्ट्यावरून सोडवलेला पेजर त्यानं आधी बाहीला पुसला, मग हार्मच्या हातावर ठेवला.

"दे त्याचं त्याला परत," गेशे काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही मधे—"

"हार्म, मला काकू म्हणून दटावू नकोस, तुझेही कान मीच पिळलेत! यंत्र माझं आहे. गांजा माझा आहे. डॉक्टरनं दिलाय, बोटांसाठी. हा पोरगा मला शिकवत होता, आणि तेही थाइमवर. डबीचं सील अजून फुटलेलं नाही." त्या उठून उभ्या राहिल्या आणि अंगणाकडे वळल्या. "कुणाला काही म्हणायचंय?"



फ्राउके काकू पुढं आल्या. गेशे काकूंनी डोळे मिटून घेतले.

"गेशे," फ्राउके काकू थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या सूपमध्ये?"

"हो गं."

"खारवलेलं मांस घातलं होतं त्यात!" मग आवाज खाली आणून, "बरं, डॉक्टर कुठला? गुडघ्यांना चालेल का?"

झालं! बेकरला आईची कंबर आठवली. ड्रायव्हरला स्वतःची मान आठवली. पाच मिनिटांत आम्ही सगळे बूट काढून काकूंच्या स्वयंपाकघरात, आणि काकू नेहमीसारखा चहा ओततायत. आधी खडीसाखर, मग चहा, मग कडेनं साय. तीन कपांच्या आत उठू देत नाहीत, मग बाहेर बंब उभा का असेना! हार्मनं पेजर ओक्कोच्या पुढ्यात सरकवला आणि वर म्हणाला, दलाला फुकट पळवल्याचा दंड, बिअरचा क्रेट, मात्र चुकणार नाही.

"पण यंत्रच बिघडलेलं होतं," ओक्को कुरकुरला. "एकशे ऐंशीला काहीच येत नव्हतं."

"येत होतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "पहिल्याच झुरक्याला जिभेवर थाइम आली, नाक मोकळं झालं. ती वाफ दिसत नाही एवढंच. दोनदा सांगायला गेले, पण तू शिकवत होतास ना!"

अख्खं स्वयंपाकघर हसलं. ओक्को कपात बुडायला बघत होता.

"नवं यंत्र मागवीन मी," काकू म्हणाल्या. "आकडे आता मला येतात. पण एक गोष्ट तू मला मित्र म्हणून सांग. मी धुरात उभी, वर अलार्म, आणि तू मला सॉरी म्हणून आग शोधायला गावात गेलास?"

ओक्कोनं मान खाली घातली. कानापर्यंत लाल. डावा जरा जास्त. मग त्यानं काकूंचे ते सुजलेले हात हळूच हातात धरले आणि आम्हा सगळ्यांसमोर, अगदी मनापासून म्हणाला,

"वचन देतो काकू. यापुढे तुमच्या घराला आग लागली ना, तर मी अजिबात जागचा हलणार नाही!"